रिकाम्या पोटाच्या शोधात

पापनाशमला प्रभू रामचंद्रांचंसुद्धा एका मात्रेत भागलं नव्हतं. रावणवध आटोपून, रामेश्वरला पूजाअर्चा करून ते परत निघाले आणि इथे पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की खर-दूषणांना मारल्याचा दोष अजून मागे मागे येतोच आहे. मग त्यांनी लिंगं स्थापायला घेतली. १०७ झाली, तरी मन भरेना. शेवटी आणखी एक आणायला हनुमंताला काशीला पिटाळलं. इथल्या रामलिंगस्वामींच्या देवळाची ही स्थलकथा. गावात त्याला '१०८ शिवालयम्' म्हणतात. माझी थायरॉईडची गोळी २५ मायक्रोग्रॅमवरून ५० वर आणि ५० वरून ७५ वर गेली, तेव्हा सासूबाईंनी मला याच देवळाचा दाखला दिला. "रामाला १०८ लागली. तुझी कुठे ७५ झालीत? धीर धर."

माहेर पुण्याचं. पापनाशमला दिली म्हटल्यावर आमच्याकडच्यांना कमल हासनचा २०१५ सालचा सिनेमा आठवला. ते पापनाशम तिरुनेलवेलीकडचं, डोंगर आणि धबधबे असलेलं. आमचं तंजावर जिल्ह्यातलं, तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं, चहूकडून भातशेतीने वेढलेलं. तिथे मराठी माणूस कसा, हा त्यांचा पुढचा प्रश्न. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी चालली. गादीमागोमाग कारकून, कीर्तनकार, पुराणिक आणि आचारी आले. गादी गेली, माणसं राहिली. माझं सासर त्यांतलंच. बाहेर तमिळ, घरात मराठी आणि दोन्हीकडे कॉफीची कापी.

आजाराची चाहूल लागली ती वैशाखात, कारण मी शाल मागितली. पापनाशमला वैशाखात शाल फक्त सत्काराला वापरतात. घरातली माणसं पंख्याखालची जागा मिळवायला धडपडत होती आणि मी पंखा बंद करा म्हणत होते. त्यात केस गळायला लागले, कातडी कोरडी पडली, पोट साफ होईना, आणि जेवण झालं की डोळे आपोआप मिटायला लागले. त्यावर घरचं निदान तयारच होतं. दुपारी एक ते चार पुणेकर झोपतात ही कीर्ती कावेरीपर्यंत पोहोचलेली आहे. "त्यांच्याकडे दुकानंसुद्धा झोपतात," सासूबाई शेजारणीला समजावून सांगत होत्या.

या आजारात आवाजही जाडाभरडा होतो. पण पापनाशम शिवन यांच्यासारख्या संगीतकाराने ज्या गावाचं नाव लावलं, त्या गावात मी आधीपासूनच गात नसल्यामुळे हे लक्षण कुणाच्या ध्यानात आलं नाही. वजनाचं मात्र आलं. आमच्या गावात नायक राजांच्या काळातलं धान्याचं एक जुनं कोठार आहे, खाली गोल, वर निमुळतं, पाहुण्यांना आवर्जून दाखवावं असं. त्या वर्षी आमच्या घरातल्या एकाही माणसाने माझ्यासमोर त्या कोठाराचा विषय काढला नाही. तेव्हाच मी समजले.

लंडनच्या सर विल्यम गल यांनी १८७३ साली अशा बायकांची हकीगत पहिल्यांदा नीट लिहून काढली: मध्यम वयाच्या, सुजलेल्या चेहऱ्याच्या, संथ बोलणाऱ्या, संथ चालणाऱ्या. त्याआधी शतकानुशतकं जगभर अशा बायकांना आळशी म्हणत असणार. आमच्या घरात ती परंपरा रिपोर्ट येईपर्यंत टिकली.

रिपोर्ट आला आणि घोटाळा वाढला. टीएसएचचा आकडा वाढलेला होता. आकडा वाढलाय, म्हणजे थायरॉईड जास्त झालं, मग हिला गोळी देऊन आणखी कशाला वाढवायचं, असा घरात सूर निघाला. आमचे हे बँकेत असल्यामुळे आकडा वाढणं त्यांना मुळातच वाईट वाटत नव्हतं. शेवटी मीच समजावलं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी बसते, ती सासू. गळ्यातली थायरॉईड ही सून. सून हाकेला ओ देईनाशी झाली, की सासूचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे तो चढलेला आवाज. तो जितका मोठा, तितकी सून थंड. सासूबाईंना हे शरीरशास्त्र एका दमात कळलं. "म्हणजे चूक पिट्युटरीची नाही," त्या म्हणाल्या. "ती बिचारी तिचं काम करते."

सून ओ का देत नाही, यावर मात्र एकमत होईना. पहिला संशय मिठावर गेला. आमच्या स्वयंपाकघरात एका चिनी मातीच्या बरणीत जाडं खडामीठ असायचं, ते कुठून येतं हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मिठात आयोडीन घातल्याने गलगंड आटोक्यात येतो, हे भारतात ज्यांनी दाखवून दिलं, त्या शास्त्रज्ञांचं नाव डॉ. व्ही. रामलिंगस्वामी. १९५६ पासून त्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनचं मीठ दिलं, एकाला साधं. काही वर्षांनी आयोडीनवाल्या भागांत गलगंड उतरलेले दिसले. १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच पायावर. मी हे घरात वाचून दाखवलं. सासूबाईंनी बाकी सगळं सोडून नाव तेवढं ऐकलं आणि हात जोडले. "रामलिंगस्वामी! बघ, आपल्याच देवळातून उपाय निघाला." खडामिठाची बरणी त्याच दिवशी लोणच्यांच्या फळीवर गेली. इतकं सहज सत्तांतर आमच्या स्वयंपाकघराने पूर्वी पाहिलं नव्हतं.

पण माझा दोष मिठाचा नव्हताच. माझ्या शरीरातले पहारेकरी माझ्याच ग्रंथीवर चालून गेले होते. या प्रकाराला हाशिमोटो म्हणतात. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ साली चार बायकांच्या ग्रंथी तपासून तो जर्मन भाषेत मांडला आणि पुढे तो आपल्या गावी जाऊन दवाखाना चालवत राहिला. एवढा शोध लावून माणूस शांतपणे गावी जातो, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्याकडे शोध न लावता सल्ला देणारे गावी न जाता घरी येतात.

२०१३ साली भारतातल्या आठ शहरांतली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ११ टक्के प्रौढांची थायरॉईड मंद निघाली. म्हणजे पापनाशमहून कुंभकोणमला जाणाऱ्या पॅसेंजरच्या एका डब्यात दहा-बारा तज्ज्ञ सहज सापडतात, आणि मला ते सगळे सापडले. धणे रात्री भिजवून सकाळी त्यांचं पाणी प्यायचं. कांचनार गुग्गुळ घ्यायचा. सर्वांगासन करायचं, म्हणजे ग्रंथीकडे रक्त जातं. (माझ्याकडे बघून सर्वांगासन सुचवणाऱ्या माणसाच्या धैर्याला मी मनोमन नमस्कार केला.) पुण्याहून आईचा फोन आला, की कोबी-फ्लॉवर बंद कर. शिजवलेल्या कोबीने फारसं काही होत नाही, असं मी सांगून पाहिलं. मग तिने साबुदाणा काढला. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आणि त्या कंदात थायरॉईडला नडणारं द्रव्य असतं, हे तिला कुठूनसं कळलं होतं. तेही दाणे होईपर्यंत बहुतेक निघून जातं. पण पुण्यात उपासाला लागणारा साबुदाणा आमच्या तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो हे सांगितल्यावर आईचा आवाज एकदम थंड झाला. "म्हणजे तुमच्याकडूनच आलंय हे सगळं," ती म्हणाली.

आमच्याकडच्या मामांचा मार्ग राजमार्ग होता. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धन्वंतरी महाल नावाचं वैद्यकाचं खातं चालवलं होतं. देशी वैद्य आणि इंग्रजी डॉक्टर दोघांनाही तिथे जागा होती. राजाच्या काळातल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि डोळ्यांची चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत. त्या महालातल्या उपायांवर तमिळ पद्यात ग्रंथ झाले आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने ते रोगवार छापलेही. मामांनी त्यांचे जुने भाग आणून माझा रोग शोधायला सुरुवात केली. खोकला सापडला, कावीळ सापडली, मधुमेह सापडला. माझं काही सापडेना, कारण जुन्या वैद्यकाला सुजलेला गळा दिसायचा, गोठलेली सून दिसायची नाही. मामा मात्र हटले नाहीत. "राजाने टीएसएच केला असता तर सापडला असता," म्हणाले आणि मधुमेहाचा काढा सांगून गेले, रिकाम्या हाती जायला नको म्हणून.

राहता राहिले ग्रह. आमच्या भागात ही सोय भारतात कुठेही नसेल इतकी चोख आहे. कुंभकोणमच्या आसपास नऊ ग्रहांची नऊ देवळं आहेत. चंद्र तिंगळूरला, मंगळ वैद्यीश्वरन् कोविलला, राहू तिरुनागेश्वरमला. प्रश्न एवढाच, की थायरॉईड कुठल्या खात्यात येतं? वैद्यीश्वरन् कोविलला साक्षात शंकर वैद्याच्या रूपात असल्यामुळे पहिला हक्क त्यांचा. पण शेजारच्या मामींनी बिनतोड मुद्दा काढला. ज्या आजारात माणूस हळू चालतं, हळू बोलतं, हळू विचार करतं, तो शनीशिवाय कुणाचा असणार? आम्ही शनीच्या तिरुनळ्ळारला जाऊन आलो. दर्शन उत्तम झालं. रांगेत मी इतकी संथ होते, की मागच्या लोकांना मी फार भक्तिभावाने चालते आहे असं वाटलं.

एवढं सगळं का, तर गोळी चालत नव्हती. आणि या आजाराचं औषध कधीच सापडून गेलेलं आहे, हीच त्यातली मोठी गंमत. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. बाई उठून कामाला लागल्या आणि ७४ व्या वर्षापर्यंत जगल्या. तेवढ्या काळात त्यांच्यापायी ८७० हून जास्त मेंढ्या खर्ची पडल्या. पुढच्याच वर्षी एडवर्ड फॉक्स यांनी सुई नको म्हणून ती ग्रंथी हलकी तळून, बारीक करून, फळांच्या जेलीबरोबर खायला दिली. हे मी जेवताना सांगितलं, ते सांगायला नको होतं. सासूबाईंनी पान बाजूला सारलं आणि माझ्या गोळीच्या बाटलीकडे अशा नजरेने पाहिलं, की मला पुढचा इतिहास घाईघाईने उरकावा लागला. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं काढलं. (त्याला लागलेल्या डुकरांच्या ग्रंथींचा हिशोब मी गिळला.) १९२७ साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि पुढे यथावकाश मेंढ्यांची सुटका झाली. "म्हणजे आता शाकाहारी," सासूबाई म्हणाल्या, तरी बाटली देवघरापासून दोन फूट लांब गेलीच.

तर औषध सापडलं, स्वस्त झालं, पापनाशमच्या छोट्याशा मेडिकलमध्येही मिळायला लागलं. त्याला एकच अट: रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी असली तर चार तास लांब. ही अट ज्यांनी घातली, ते तंजावर जिल्ह्यात पहाटे कधी उठलेले नाहीत.

आमच्याकडे पहाट कापीने होते. पितळी फिल्टरमध्ये रात्रीच पूड भरून गरम पाणी ओतलेलं असतं. ते थेंबाथेंबाने खाली उतरतं, त्याला डिकॉक्शन म्हणतात, आणि त्यातलं पहिल्या धारेचं डिकॉक्शन ज्याला मिळतं त्याचं घरात वजन असतं. साडेचारला दूध तापतं. पाच वाजायच्या आत डवऱ्याच्या वाटीत टंबलर ठेवून, वर फेस आलेली डिग्री कापी तुमच्या अंथरुणाशी हजर. घर अंधारात असतं, तुम्ही अर्धवट झोपेत असता, आणि "अग, कापी" एवढेच दोन शब्द ऐकू येतात. ती नको म्हणायला जागं असावं लागतं, आणि जागं व्हायला ती लागते. या चक्रातून सुटायचा मार्ग अजून कुणाला सापडलेला नाही.

आणि ती नुसती कापी नसते. आमच्या घरात "तू मला आवडतेस" हे वाक्य तीनशे वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही. त्याच्याऐवजी पहिल्या धारेचा टंबलर देतात. पुण्याहून आलेल्या सुनेला तो मिळायला लागला, तेव्हा मी घरची झाले. आता त्याच टंबलरला म्हणायचं, "अम्मा, अर्ध्या तासाने घेते." सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी टंबलरवर झाकण ठेवलं. ते झाकण इतक्या जोरात वाजलं, की वरच्या मजल्यावरचे मामा उठून बसले. अर्ध्या तासाने गार झालेली कापी पुन्हा गरम करून देणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता, आणि गरम न करता देणं हा अपमान. मधला मार्ग म्हणून मी गोळी आणि कापी एका श्वासात घ्यायला लागले. टीएसएच चढलेलाच राहिला. २५ ची ५० झाली, ५० ची ७५ झाली, आकडा काही जागेवर येईना.

इटलीतल्या डॉक्टरांनाही हेच कोडं पडलं होतं. तिथल्या काही रोग्यांचा टीएसएच गोळी घेऊनही उतरत नव्हता. २००८ साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात उत्तर निघालं: ही माणसं गोळीवर लगेच एस्प्रेसो पीत होती, आणि कॉफी गोळीला आतड्यात नीट शोषू देत नव्हती. मला इटलीबद्दल एकदम बंधुभाव वाटायला लागला. तिथेही कुणाच्या तरी सासूने झाकण आपटलं असणार.

दुसरी अडचण वेळेची. थायरॉक्सिन शरीरात सावकाश मुरतं. त्याचा अर्धा भाग संपायलाच आठवडाभर लागतो, म्हणून मात्रा बदलली की खरा आकडा सहा आठवड्यांनी कळतो. आमच्या घरात सहा आठवडे थांबायची प्रथा नाही. एकदा आकडा थोडा उतरला, तेव्हा त्या सहा आठवड्यांत मी ७५ ची गोळी, धण्याचं पाणी, मामांचा काढा, शनीचं दर्शन आणि अर्धं सर्वांगासन एवढं सगळं केलेलं होतं. श्रेयावरून आठवडाभर वाद चालला. शेजारच्या मामींनी तिरुनळ्ळारचं नाव लावून धरलं. आईने फोनवर कोबीचं श्रेय घेतलं. मामा म्हणाले, राजाचा काढा कधी वाया जात नाही. गोळीच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं, कारण गोळीला नातेवाईक नसतात.

मग कुणीतरी सांगितलं, गोळी रात्री घ्या. यात तथ्य होतं. २०१० साली हॉलंडमधल्या एका अभ्यासात झोपताना गोळी घेणाऱ्यांचे आकडे सकाळी घेणाऱ्यांपेक्षा बरे आले होते. अट एवढीच, की शेवटच्या खाण्याला तीन तास होऊन गेलेले हवेत. मी आनंदाने गोळी उशाशी ठेवली. रात्री नऊला दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. हातात टंबलर. गरम दूध, वर ताडाची खडीसाखर. "सकाळची कापी तू गार करून पितेस, अशक्त झालीस," म्हणाल्या. दुधातलं कॅल्शियम गोळीला कसं आडवं येतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी टंबलर ओठाला लावला.

एकादशीवर माझी मोठी भिस्त होती. निदान त्या दिवशी तरी पोट रिकामं. पण एकादशीला भात चालत नाही, भाजी चालत नाही, आणि कापी मात्र चालते, हे मला तेव्हाच कळलं. तिला अन्नात धरत नाहीत.

शेवटी कुंभकोणमला एका वयस्कर डॉक्टरबाईंकडे गेलो. सासूबाई बरोबर होत्याच. डॉक्टरबाईंनी रिपोर्टांची थप्पी बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "कापी किती वाजता?" इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, पाचला. "रोज?" रोज. "तेवढीच? तेवढीच दाट?" याला सासूबाईंनी उत्तर दिलं, कारण दाटपणाचा प्रश्न त्यांच्या अब्रूचा होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, की नियम तो नियमच. अर्धा तास जमला तर सगळ्यात चांगलं. पण आयुष्यभर घ्यायची गोळी पाळता न येणाऱ्या नियमावर चालत नाही. त्यापेक्षा रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीने घ्या. कापी जितकं खाते तितकं आपण मात्रेत वाढवून देऊ आणि सहा आठवड्यांनी मोजू. बाकी धणे, काढे, रात्रीचं दूध बंद. एकदम एकच गोष्ट बदलायची. त्यांनी ७५ च्या पुढे साडेबारा वाढवले.

सहा आठवड्यांनी आकडा जागेवर आला. शाल कपाटात गेली. पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा, या भांडणात मी पुन्हा हक्काने उतरले.

त्या दिवशी डॉक्टरबाईंकडून घरी येताना सासूबाईंनी गाडीत विचारलं होतं, "ते साडेबारा कशाचे?" मी म्हटलं, "तुमच्या कापीचे, अम्मा." त्या पापनाशम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, दुखावल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मामी आल्या तेव्हा खरं काय ते कळलं. आपल्या कापीत डॉक्टरचं औषध अडवून धरण्याइतकी ताकद आहे आणि कुंभकोणमला ते लेखी लिहून दिलंय, हे त्या अभिमानाने सांगत होत्या. तेव्हापासून मी कुणाकडे कापी पिऊन आले, की त्या चवीचं विचारत नाहीत. एवढंच विचारतात, "किती मायक्रोग्रॅमची होती?"